दिवाळी आणि दिवाळे

दिवाळी आणि दिवाळे या दोन शब्दांत अंतर ते केवढे? एक वेलांटी जाते आणि तिच्या जागी एक मात्रा येते. जुन्या पेठांत म्हणे अशी चाल होती, की ज्या व्यापाऱ्याची पेढी बुडाली त्याने भर दिवसा दुकानाच्या दारात दिवा लावून ठेवायचा. तो दिवा पाहिला की देणेकऱ्यांना काय समजायचे ते समजे. 'दिवाळे' हा शब्द त्या दिव्यावरून आला असे सांगतात. व्युत्पत्तीचे पंडित या कथेवर विश्वास ठेवोत वा न ठेवोत. पण ती चाल खरी असेल तर तो व्यापारी प्रामाणिक होता असेच म्हटले पाहिजे. राज्यांच्या बाबतीत अशी चाल नाही. राज्याची पेढी बुडायला लागते तेव्हाही दिवे लागतात. पण ते रात्री लागतात आणि रोषणाईचे असतात.

अर्थशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. मराठी शिकविणाऱ्याने पत, रोखा, मुद्दल, चक्रवाढ या शब्दांचे अर्थ सांगावे आणि पुढच्या धड्याकडे वळावे. पण अलीकडे जगात जिथे तिथे एक शंका सामान्य माणसाच्या तोंडून ऐकू येते. रस्ते होत आहेत, बंदरे होत आहेत, विकासाचा आकडा दरवर्षी चढतो आहे. हे सारे उसन्या पैशावर चालले असेल तर फेडणार कोण? आणि कर्ज काढण्यापूर्वी त्याला कोणी विचारले होते काय? ही शंका विचारणाऱ्याला जाणती मंडळी हसतात. "बाबा रे, घरचा खर्च आणि राज्याचा खर्च यांत फरक असतो," असे त्याला समजावतात. फरक असतो हे खरेच आहे. परंतु गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ही शंका घेणारा अडाणी माणूस कितीदा बरोबर ठरला आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्यातली एक गोष्ट तर आपल्या दारातच घडली आणि तिचा धागा थेट नाईल नदीपर्यंत जातो.

कापसाचे सोने

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. गिरण्यांना कापूस तर हवाच होता. तो दोन ठिकाणांहून येऊ लागला: एक आपला हिंदुस्थान, म्हणजे मुख्यतः मुंबई बंदर, आणि दुसरा मिसर देश. भाव असे चढले की गाद्यांतला जुना कापूससुद्धा उसवून विकला गेल्याच्या कथा मुंबईत पुष्कळ दिवस सांगितल्या जात.

मुंबईत पैशाचा पूर आला. पूर आला की पाणी कुठे मुरवायचे हे कोणी विचारीत नाही. बँका, जमीन कंपन्या, जहाज कंपन्या डझनांनी निघाल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअर तारण ठेवून कर्ज आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर, असा फेरा सुरू झाला. त्या काळचे सम्राट म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांच्या चिठ्ठीवर बँका कर्जे देत. मुंबई विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो पुरा झाला १८७८ साली, म्हणजे ज्या संपत्तीतून तो निघाला ती वितळून गेल्यावर तेरा वर्षांनी.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपल्याची तार मुंबईला पोहोचली आणि कापसाचे सोने पुन्हा कापूस झाले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस होता. त्या दिवशी कोणी कोणाचे देणे देऊ शकेना. सरकारचा भाग असलेली जुनी बँक ऑफ बॉम्बेदेखील पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि तिची चौकशी करण्यासाठी आयोग बसला. शेठ बुडाले, दलाल बुडाले. पण शहर वाचले. गोदी, रस्ते, नव्या इमारती मागे राहिल्या. मुंबईवर लिहिणारे म्हणूनच या प्रकरणाचा शेवट बरा झाला असे मानतात. शेवट मुंबईत झाला नव्हता. तो घाट चढून गेला होता.

सुप्याचा बाजार

कापसाची तेजी होती तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्याला सावकार हसतमुखाने कर्ज देत होता. दर एकराला, मागेल तितके. पीक तारण होते आणि त्या पिकाला लिव्हरपूलचा भाव होता. भाव पडले तसा सावकाराचा हात आखडला. त्याच सुमारास, १८६७ पासून, जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू झाली. तेजीच्या काळातील भरभराट पाहून ती ठरवलेली होती. इंदापूर तालुक्यात सारा निम्म्याहून अधिक वाढला. म्हणजे उत्पन्न उतरले आणि त्यावरचे देणे चढले. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या तारखेला. मग सावकाराच्या ओट्याशिवाय गती नाही.

कायद्याची गंमत अशी, की तो शेतकऱ्याच्या हितासाठी केलेला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. व्याज साचत राहू नये हा हेतू. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेतले आणि जुने व्याज नव्या मुद्दलात मिसळले. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगत गेले तर दामदुपट कशाची मोजायची? ज्याला अक्षर येत नाही त्याचा अंगठा कागदावर उमटत राहिला. पुणे सार्वजनिक सभेने १८७० च्या दशकाच्या आरंभीच शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून सरकारला सावध केले होते. सरकारदरबारी अशी निवेदने फायलीत नीट लावून ठेवण्याची पद्धत जुनीच आहे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला. न्हाव्याने दाढी करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. आणि १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. या दंग्याची विशेष गोष्ट सरकारी आयोगानेच नोंदविली आहे. जमावाला हवे होते ते कागद: खते, रोखे, हुकूमनामे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने बाहेर काढून दिले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. कागद जळले आणि लोक घरी गेले. दोन जिल्ह्यांतील सुमारे तीस गावांत हेच घडले.

यात एक मेख आहे, ती विसरता कामा नये. राग सावकारावर निघाला, कारण सावकार गावात होता. साऱ्याचा दर ठरविणारा साहेब गावात नव्हता आणि लिव्हरपूलचा बाजार तर कोणी पाहिलाही नव्हता. कर्ज आणि सत्ता यांचा संबंध असा असतो: जो दिसतो त्याच्या दारावर दगड पडतो, ज्याने गणित मांडले तो नामानिराळा राहतो. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने हुकूमनाम्यांना थोडा लगाम घातला. दरम्यान १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता.

नाईलकाठची रोषणाई

त्याच तेजीने मिसरमध्ये काय केले ते आता पाहू. तिथे तेजीच्या ऐन भरात, १८६३ मध्ये, इस्माईल पाशा गादीवर आला. माणूस हौशी, हुशार आणि घाईचा. आपल्या देशाला युरोपच्या पंगतीला बसवायचे हे त्याचे स्वप्न. आगगाड्या, कालवे, तारायंत्रे, साखरेचे कारखाने, शाळा, काहिऱ्यात नव्या पेठा आणि नाटकगृह, असे त्याने पुष्कळ केले आणि त्यातले पुष्कळ खरोखरच उपयोगाचे होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला तेव्हा युरोपातील राजेरजवाडे त्याचे पाहुणे होते. तशी रोषणाई त्या शतकाने क्वचितच पाहिली असेल.

कापूस उतरला होता, पण खर्च उतरला नाही. मधली जागा कर्जाने भरली. इस्माईल आला तेव्हा परदेशी कर्ज तीस लाख पौंडांच्या आसपास होते. १८७६ पर्यंत ते नऊ कोटींच्या वर गेले. त्यातही लंडन-पॅरिसच्या पेढ्यांचा हिशेब मासलेवाईक होता. १८७३ च्या कर्जाचा कागदावरचा आकडा होता ३ कोटी २० लाख पौंड. हाती आले दोन कोटींच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा भाग मागची हुंडी फेडण्यातच गेला. व्याज मात्र पुऱ्या आकड्यावर. सुप्याच्या ओट्यावरचा व्यवहार आणि लंडनच्या पेढीतला व्यवहार यांत पगडी आणि टोपी यांच्याहून मोठा फरक मला तरी दिसत नाही.

१८७१ मध्ये इस्माईलने आणखी एक युक्ती काढली. सहा वर्षांचा सारा जो आगाऊ भरील त्याचा सारा कायमचा निम्मा! आजची निकड भागली. पण पुढच्या पिढ्यांचे उत्पन्न आधीच खाऊन झाले. नोव्हेंबर १८७५ मध्ये त्याने कालव्याचे आपले सर्व शेअर चाळीस लाख पौंडांना ब्रिटनला विकले. एप्रिल १८७६ मध्ये हप्ते थांबले. सुप्याला अकरा महिने होत होते.

मग सावकार आत आले. मे १८७६ मध्ये कर्ज-तिजोरी नावाची संस्था बसली. तिच्यावर परदेशी अधिकारी. पुढे इंग्रज आणि फ्रेंच नियंत्रक आले. १८७८ मध्ये मिसरचा अर्थमंत्री इंग्रज आणि बांधकाममंत्री फ्रेंच झाला. १८७९ च्या जूनमध्ये इस्माईललाच पदच्युत करविण्यात आले. १८८० च्या कायद्याने राज्याच्या वसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग कर्जफेडीसाठी बांधून टाकला.

आणि इथे या साऱ्या कथेतला माझ्या मते सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा प्रसंग येतो. कर्नल अहमद उराबी हा शेतकऱ्याच्या घरातला लष्करी अधिकारी. त्याच्या मागे सैनिक होते, गावोगावचे प्रतिष्ठित होते, लेखक होते. १८८२ च्या आरंभी मिसरच्या प्रतिनिधी सभेने मागितले काय? कर्ज बुडवू असे ती म्हणाली नाही. कर्जासाठी बांधलेला वसूल घ्या. उरलेल्या भागाच्या अर्थसंकल्पावर तरी आम्हाला मत देऊ द्या, एवढीच मागणी. स्वतःच्या घरातला अर्धा खर्च स्वतः ठरविण्याची परवानगी! ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ती मानली नाही. ११ जुलै १८८२ रोजी इंग्रज आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. १३ सप्टेंबरला तेल-एल-केबीर येथे उराबीचा पराभव झाला. त्या मोहिमेत हिंदी पलटणी होत्या आणि खर्चाचा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवरही पडला, म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातला काही पैसा मिसरच्या शेतकऱ्याला वठणीवर आणण्याच्या कामी आला. कर्जाच्या वसुलीसाठी आलेली फौज मिसरमध्ये अनेक दशके राहिली.

कँडीचा पाहुणा

उराबीला हद्दपार केले ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. १८८३ च्या जानेवारीत तो कोलंबोला उतरला; पुढे कँडीला राहिला आणि १९०१ मध्ये परतला. कोलंबोतील मुसलमानांची शाळा, आजचे झाहिरा कॉलेज, निघाली तिला त्याचा आधार होता. ज्या बेटाने कर्जापायी देश गमावलेल्या या माणसाला अठरा वर्षे आसरा दिला, त्याच बेटावर कर्जाचा फेरा सव्वाशे वर्षांनी यावा हा योग चमत्कारिक खराच.

२००९ च्या मे महिन्यात लंकेतील यादवी संपली. शांतता आली, तिच्यामागून विकास आला आणि विकासाच्या हातात कर्जाची वही होती. हंबनटोटाचे बंदर चीनच्या बँकेच्या कर्जातून झाले. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले आणि बंदरासाठी काढलेले कर्ज मात्र सरकारच्याच खात्यावर राहिले. जवळच मत्तला येथे २०१३ मध्ये विमानतळ झाला. विमाने आली नाहीत. एकदा तिथल्या गोदामांत भात साठविण्यात आले. चीनचे नाव गाजले. पण परदेशी कर्जातला सर्वांत मोठा वाटा २००७ पासून जागतिक बाजारात विकलेल्या सरकारी रोख्यांचा होता. त्यांचे धनी कोण हे लंकेच्या शेतकऱ्याला माहीत नव्हते आणि माहीत असण्याची सोयही नव्हती.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी स्फोट झाले, प्रवासी आटले. नोव्हेंबरात गोटाबाया राजपक्षे निवडून आले आणि आल्याबरोबर मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. इस्माईलच्या १८७१ च्या युक्तीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. त्यानंतर कोरोनाची साथ आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद झाली. पीक घसरले तेव्हा नोव्हेंबरात हुकूम मागे घेतला गेला. २०२२ च्या मार्चमध्ये कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. शिक्षकाला याहून बोलकी बातमी कोणती? १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबविले. स्वतंत्र लंकेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कोलंबोच्या समुद्रकाठी, गॉल फेसवर, तंबूंचे गाव वसले. त्यात सिंहली, तमिळ, मुसलमान एकत्र बसले. ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या वाड्यात शिरले; १३ तारखेला अध्यक्ष देश सोडून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. इथे सुप्याहून एक मोठा फरक दिसतो. लोकांनी शेजारच्या वाण्याचे दुकान फोडले नाही. ज्यांच्या सहीने कर्ज निघाले त्यांच्या दारी ते गेले. अंगठा उठविणारा माणूस आता वही वाचू लागला होता.

परंतु वही वाचता आली म्हणजे हिशेब चुकता होत नाही. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सुमारे तीन अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर झाले. त्याबरोबर अटी आल्या. ८ टक्क्यांवर आणलेला कर २०२४ च्या जानेवारीपर्यंत १८ टक्क्यांवर गेला. त्याच मार्चमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका व्हायच्या होत्या. त्या झाल्या नाहीत. सरकारने कारण दिले: पैसा नाही! कर्ज काढताना मतदाराला विचारले नव्हते हे एक वेळ समजू. पण कर्ज फेडायचे म्हणून त्याचे मतही उधारीवर? ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, राजपक्षे बंधू आणि काही बडे अधिकारी यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला आणि देशाच्या आर्थिक विपत्तीला ते जबाबदार आहेत असा निकालही त्याच न्यायालयाने दिला होता.

मग कर्ज काढूच नये काय?

असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. जपानने टोकियो-ओसाका वेगवान रेल्वेसाठी १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलर घेतले. १९६४ मध्ये गाडी धावली आणि १९८१ मध्ये शेवटचा हप्ता फिटला. गाडीने आपले कर्ज आपणच ओढून नेले. १९५३ मध्ये लंडनच्या करारात पश्चिम जर्मनीचे जुने कर्ज धनकोंनी सुमारे निम्म्यावर आणले आणि बाकीचे तिला झेपेल अशा बेताने लावून दिले. ऋणको उभा राहिला तर आपलेही पैसे येतील एवढे व्यवहारज्ञान त्यांनी दाखविले. तेव्हा कर्ज हे काही पाप नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ठीक आहे. पण अंथरूण मोठे करण्यासाठीही कधी उसने घ्यावे लागते.

प्रश्न निराळा आहे. कर मागायचा तर राज्यकर्त्याला प्रजेपुढे उभे राहावे लागते. प्रजा विचारते, हा पैसा कशाला? कर्ज घेताना तो प्रश्न टळतो. उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा प्रश्न विचारायला प्रजेऐवजी सावकार पुढे आलेला असतो आणि त्याला मत नसले तरी त्याचा शब्द चालतो. कर कमी, कामे अधिक आणि विकास जोरात, अशी तिन्ही सुखे एकाच वेळी मिळू लागली की प्रजेने आनंद जरूर मानावा. पण चौथी गोष्ट विचारावी: वही कुठे आहे? कर्ज किती, कोणाकडून, कोणत्या दराने, कोणत्या कामासाठी आणि ते काम स्वतःचे व्याज मिळवील काय, हे करारावर सही होण्यापूर्वी लोकांपुढे वाचून दाखविले गेले पाहिजे. मिसरच्या सभेने मागितले होते ते थोडेफार हेच, आणि ते सुद्धा अर्ध्याच वहीपुरते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्याकडे वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर 'श्री' लिहितात आणि वही मिटून ठेवतात. व्यापारी मात्र पाडव्याला ती उघडतो. राज्याच्या वहीची पूजा पुष्कळ झाली. ती उघडून वाचण्याची सवय अजून अंगवळणी पडायची आहे. लंकेत त्या लांबविलेल्या स्थानिक निवडणुका अखेर ६ मे २०२५ रोजी झाल्या. मत द्यायला दोन वर्षे उशीर झाला खरा, पण त्या देशाने ते परत मिळविले. उराबीच्या देशाला त्यासाठी सत्तर वर्षे थांबूनही धड मिळाले नाही.